वुमकर नावाचा जर्मन

नगरला पाहुणा आला की त्याला काय काय दाखवावयाचे हे आमच्याकडे ठरून गेलेले आहे. आधी भुईकोट किल्ला, मग डोंगरावरचा चांदबिबीचा महाल आणि शेवटी रणगाड्यांचे संग्रहालय. (शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे हे मला ठाऊक आहे, पण ७० वर्षे ‘नगर’ म्हणत आलेली जीभ एकाएकी कशी वळावी? वाचकांनी सांभाळून घ्यावे.) यांपैकी चांदबिबीचा महाल हा चांदबिबीचाही नव्हे आणि महालही नव्हे. ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. पण लोकांनी एकदा नाव चिकटवले की ते चुन्यापेक्षा घट्ट बसते. बिचारा सलाबतखान आपल्याच कबरीत परक्या नावाने झोपला आहे! ही गंमत मी पाहुण्यांना आजवर शेकडो वेळा सांगितली असेल. तिच्यात गमतीखेरीज आणखी काही आहे हे मात्र गेल्या दिवाळीपर्यंत मला उमगले नव्हते.

गेल्या दिवाळीत पुण्याचा नातू आला होता. वय वर्षे बारा. म्हणजे मिळेल त्या उत्तरावर समाधान मानण्याचे वय उलटून गेलेले. त्याला घेऊन मी रणगाडे पाहावयास गेलो. १९९४ साली उघडलेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे झाडांच्या सावलीत थकल्या हत्तींसारखे उभे आहेत. १९६५ च्या लढाईत पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन आहे, आपला विजयंता आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स-रॉईसच्या चिलखती मोटारीपुढे नातू बराच वेळ रेंगाळला आणि मग त्याने विचारले,

“आबा, त्या युद्धात विमानं पण होती ना? मग विमानातून लढणारं आपलं कुणी होतं का?”

मी ३४ वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवला आहे. इतिहासाच्या मास्तरास ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सवय नसते. मी ताबडतोब उत्तर दिले, “छे रे! आपली माणसं पायदळात नि घोडदळात. विमान म्हणजे साहेबाचं वाहन. त्यात आपल्याला कोण बसू देतो?”

उत्तर ठणठणीत होते आणि साफ चुकीचे होते.

* * *

नातवाला त्या युद्धाचे कुतूहल असण्यास घरचेच कारण होते. माझ्या आजोबांचे थोरले बंधू १९१५ च्या सुमारास पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून मराठा पलटणीत भरती झाले आणि बसऱ्याला गेले. ते परत आले नाहीत. आला तो एक सरकारी कागद, थोडे पेन्शन आणि मागाहून चांदीचे एक पदक. पदक पुढे एका दुष्काळात सोनाराकडे गेले. कागद माझ्या लहानपणापर्यंत देवघरातल्या फडताळात होता. मग तोही वाळवीच्या तोंडी पडला. घरात त्यांना ‘बसऱ्याचे आजोबा’ असेच म्हणत. मृत्यूची तिथी कोणालाच कळलेली नव्हती, म्हणून सर्वपित्री अमावास्येला त्यांच्या नावाचे पान वाढीत. मी लहान असताना आजीला विचारले होते, “ते कशाने गेले?” आजी म्हणाली होती, “लढाईनं गेले म्हणायचं. गेल्याचं कुणी पाहिलंय?”

त्या रात्री नातवाने आपल्या संगणकावर महायुद्धातल्या मृतांच्या याद्या उघडल्या आणि आम्ही दोघे बसऱ्याच्या आजोबांना शोधू लागलो. आमचे आडनाव ‘कर’ने संपणारे. ते इंग्रज कारकुनाने कसे ऐकले असेल, कसे लिहिले असेल, याचे जितके प्रकार सुचले तितके आम्ही करून पाहिले. आजोबा काही सापडले नाहीत. पण ‘कर’ने संपणारी नावे चाळता चाळता नातवाचे बोट एकदम थांबले.

“आबा, हे बघा. रॉयल एअर फोर्स!”

नोंद अगदी लहान होती. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर. २३ वी स्क्वाड्रन. मृत्यू ३० जून १९१८. दफन फ्रान्समध्ये, सोम प्रांतातल्या हँगार्ड गावच्या दफनभूमीत.

नातवाने माझ्याकडे पाहिले. बोलला काही नाही. पण मास्तराला विद्यार्थ्याची ती नजर ओळखता येते. दुसऱ्या दिवसापासून मी जुने ग्रंथ आणि कागद धुंडाळू लागलो. त्यातून जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

* * *

राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले ते १९०३ च्या डिसेंबरात. म्हणजे १९१४ साली युद्ध पेटले तेव्हा विमानाचे वय अवघे ११ वर्षांचे. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले कापड, ते घट्ट व्हावे म्हणून वर दिलेले रोगण, आणि पुढे इंजिन. आरंभी त्याचे काम एवढेच, की वरून शत्रूचे मोर्चे पाहून यावयाचे. परस्परांचे वैमानिक आकाशात भेटले तर पिस्तुले नि बंदुका झाडीत. १९१५ साली फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेमक्या वेळी गोळ्या सोडणारी मशीनगन निघाली आणि आकाशाचे रणांगण झाले. १९१७ च्या एप्रिलात इंग्रजांची इतकी विमाने पडली की त्या महिन्याला ‘रक्ताळ एप्रिल’ असे नाव पडले. नव्या वैमानिकाचे आयुष्य आठवड्यांनी मोजू लागले.

अशा वेळी माणसांची चणचण भासणारच. तरीही हिंदी माणसाला तेथे वाव मिळणे सोपे नव्हते. त्या काळी हिंदी शिपाई कितीही पराक्रमी असला तरी सुभेदार-मेजर होऊन थांबावयाचा. आणि कालपरवा भरती झालेल्या पोरसवदा गोऱ्या सेकंड लेफ्टनंटाला त्याने सलाम करावयाचा. लढाऊ पलटणींत राजाची सनद, म्हणजे ‘किंग्ज कमिशन’, हिंदी माणसाला बंद होते. १९१७ च्या ऑगस्टात ते दार किंचित किलकिले झाले आणि पहिल्या नऊ हिंदी अधिकाऱ्यांना ती सनद मिळाली. पण त्याच वर्षी विलायतेत शिकणारी काही हिंदी मुले दुसऱ्याच वाटेने अधिकारी होत होती. ती वाट आकाशातली होती.

असे चार तरुण नावानिशी ठाऊक आहेत. पहिला रावळपिंडीचा हरदितसिंग मलिक. ऑक्सफर्डचा विद्यार्थी, ससेक्सकडून क्रिकेट खेळलेला. इंग्रजांच्या सैन्यात जागा मिळेना म्हणून तो फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहिका हाकू लागला. तेव्हा त्याच्या गुरूने लंडनला वजन खर्च केले आणि १९१७ च्या एप्रिलात तो रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. फेट्यावर बसेल असे मोठे शिरस्त्राण त्याने मुद्दाम करवून घेतले होते. २६ ऑक्टोबर १९१७ च्या झुंजीत त्याच्या पायात गोळ्या शिरल्या. विमान खाली उतरले तेव्हा त्याला ४०० हून अधिक भोके पडलेली होती. मलिक वाचले, दीर्घायुषी झाले, आणि स्वतंत्र भारताचे फ्रान्समधले राजदूत म्हणून त्याच देशात पुन्हा गेले.

दुसरा कलकत्त्याचा इंद्रलाल राय. शाळेतून थेट युद्धात. १९१८ च्या जुलैत अवघ्या १३ दिवसांत त्याच्या नावावर दहा विजय लागले आणि २२ जुलैला तो पडला. वय १९. मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळविणारा तो पहिला हिंदी. त्याच्या थडग्यावर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत आणि १९९८ साली आपल्या टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. तिसरा एरल सेन, हाही बंगाली. १९१७ सालीच जर्मनांच्या प्रदेशात विमान पडून तो युद्धकैदी झाला.

चौथा आपला वेलिणकर. मुंबईचा. इंग्रजी कागदांत त्याची आद्याक्षरे एस. सी. अशी सापडतात. श्रीकृष्णातला ‘श्री’ साहेबाने तोडून वेगळा काढला आणि तेच त्याचे पहिले नाव ठरविले. आपल्याकडे पत्रावर पहिल्यांदा लिहावयाचे ते मंगलाक्षर तिकडे सैन्याच्या वहीत माणसाचे नाव होऊन बसले!

चौघांपैकी मलिक जगले, म्हणून त्यांनी स्वतःच आपली हकीकत सांगितली. रायच्या नावावर दहा विजय होते, म्हणून आकड्यांनी त्याची आठवण ठेवली. वेलिणकरजवळ यांपैकी काहीच नव्हते.

* * *

वेलिणकरची २३ वी स्क्वाड्रन १९१८ च्या वसंतात ‘सॉपविथ डॉल्फिन’ नावाची नवी लढाऊ विमाने वापरू लागली होती. डॉल्फिन म्हणजे समुद्रातला सस्तन प्राणी. पण हे यंत्र मोठे चमत्कारिक दिसे. त्या वेळच्या बहुतेक विमानांना एकावर एक असे दोन पंख असत आणि वरचा पंख थोडा पुढे असे. डॉल्फिनचा वरचा पंख उलट मागे सरकवलेला. त्याच्या मधोमध कापड न लावता उघडी चौकट ठेवलेली आणि त्या चौकटीतून वैमानिकाचे डोके वर निघालेले! एखाद्याने खिडकीतून मान बाहेर काढावी तसे. त्यामुळे वरचे आणि सभोवारचे आकाश त्याला इतर कोणापेक्षाही चांगले दिसे. पण उतरताना विमान उलथले तर पहिला आघात त्याच्या डोक्यावर. वैमानिक या विमानाला भीत, आणि एकदा सवय झाली की त्यावरच प्रेम करीत.

२० हजार फुटांपर्यंत चढणारे हे विमान. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ चौपट उंच. वर डोक्यावर छप्पर नाही, श्वासाला प्राणवायूची नळी नाही, थंडीने कातडी फाटू नये म्हणून तोंडाला देवमाशाची चरबी फासलेली. आणि हवाई छत्री? ती इंग्रज वैमानिकांना दिलेलीच नव्हती. बलूनमधल्या टेहळ्यांना मिळे, जर्मन वैमानिकांनाही त्या वर्षी मिळू लागली होती. पण यांना नाही. विमान पेटले तर जळावयाचे किंवा उडी टाकावयाची, एवढीच निवड.

वेलिणकर रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरला आणि १ एप्रिल १९१८ रोजी ती सेना आरमाराच्या विमानांसह ‘रॉयल एअर फोर्स’ झाली. त्याच सुमारास जर्मनांनी सोमच्या मुलखात आपला अखेरचा मोठा रेटा दिला होता. २१ मार्चला सुरू झालेला तो लोंढा अमियां शहराच्या वेशीपाशी, व्हिलेर-ब्रेतोनू गावाजवळ थोपवला गेला. इथेच २४ एप्रिल १९१८ रोजी जगाच्या इतिहासात पहिल्यांदा रणगाड्याची रणगाड्याशी गाठ पडली. हँगार्ड हे गाव त्या जागेपासून हाकेच्या नव्हे तरी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आमच्या संग्रहालयातल्या यंत्रांच्या पूर्वजांची पहिली झुंज जिथे झाली, त्याच परिसरात नातवाच्या प्रश्नाचे उत्तर मातीखाली होते, आणि मी त्याला सांगत होतो की असे कोणी नव्हतेच.

२७ जून १९१८ रोजी लेफ्टनंट वेलिणकर गस्तीवर निघाला आणि परतला नाही. स्क्वाड्रनच्या नोंदवहीत अशा वेळी एकच शब्द पडे: ‘बेपत्ता’. तो जखमी होऊन जर्मनांच्या हद्दीत पडला होता. तीन दिवस जगला. ३० जूनला त्याने प्राण सोडला. हिंदू माणूस, घरी असता तर अग्नी मिळाला असता. जर्मनांनी त्याला आपल्या माणसांबरोबर मूठमाती दिली आणि वर नाव लिहून ठेवले.

* * *

आता त्या नावाची कथा ऐका.

युद्धात मेलेल्या आणि पकडलेल्या शत्रूंची नावे दोन्ही बाजू जिनिव्हाच्या रेडक्रॉस कचेरीकडे पाठवीत. तिथे लाखो पत्रके माणसांच्या नावानिशी रचलेली असत. आणि एखाद्या घरात आशा ठेवावी की सुतक धरावे हे त्यांतल्या एका ओळीवर ठरे. वेलिणकरच्या घरचे आणि स्नेही त्याचा शोध घेत राहिले. त्याच्या ओळखीच्या एका इंग्रज कर्नलने तर चौकशीचा पिच्छाच पुरवला. पण वेलिणकर नावाच्या माणसाचे थडगे कोठे मिळेना. तहनामा झाला, सैन्ये घरोघर गेली, तरी मिळेना.

मिळाले ते भलतेच. जर्मनांनी पुरलेल्या माणसांत एका थडग्यावर नाव होते, ‘ओबरलेफ्टनंट एस. सी. वुमकर’. ओबरलेफ्टनंट हा जर्मन हुद्दा. तेव्हा हा कोणी जर्मन अधिकारी असणार असे धरून ते तसेच राहिलेले. पण वुमकर नावाचा जर्मन अधिकारी कोण? असा कोणी आढळेना. तेव्हा कोठे उलगडा झाला की हा वुमकर म्हणजेच वेलिणकर.

इंग्रजी वळणात ते नाव कागदावर लिहून पाहा. दब्ल्यूनंतर ई, एल, आय, एन ही अक्षरे घाईने, टाक न उचलता लिहिली की त्यांच्या उभ्या दांड्यांचे यू आणि एम सहज होतात. कोणा जर्मन कारकुनाने जखमी वैमानिकाच्या कागदावरचे नाव नकलून घेतले असेल, लेफ्टनंटचा आपल्या भाषेतला जोडीचा हुद्दा पुढे लावला असेल, आणि मुंबईचा मराठी मुलगा झाला जर्मन! हा माझा तर्क आहे. पण ३४ वर्षे पोरांची अक्षरे लावण्यात गेल्यामुळे त्यावर माझा भरवसा आहे.

मला या साऱ्यात एकाच गोष्टीचे नवल वाटते. त्या कारकुनाने नावाचे डोके फोडले, पोट फाडले; पण शेवटचे ‘कर’ तेवढे जसेच्या तसे राहिले. फ्रान्समधले, इंग्लंडमधले, जर्मनीतले शहाणे लोक ते थडगे जर्मनाचे समजत राहिले. तिथून आपला कोणी जात असता, अगदी शाळेतला मुलगा असता, तरी थबकून म्हणाला असता, “वुमकर? हे तर कुठल्यातरी गावचं आडनाव!” ज्या प्रत्ययाने आपण माणसाला गावाशी बांधतो, तोच प्रत्यय त्या परक्या मातीत त्याची एकमेव खूण होऊन राहिला होता.

युद्धानंतर विखुरलेली थडगी मोठ्या दफनभूमींत एकत्र केली गेली. तिथे साहेब असो वा शिपाई, सर्वांना एकसारखी पांढरी शिळा. हँगार्डच्या दफनभूमीत वेलिणकरला त्याची शिळा मिळाली आणि तिच्यावर त्याचे स्वतःचे नाव मिळाले.

* * *

याच काळातले नगरचे चित्र आठवले की मन चमकते. पहिल्या महायुद्धात आमच्या नगरच्या छावणीत जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांची मोठी कैदछावणी होती. हिंदुस्थानभरचे जर्मन व्यापारी, मिशनरी, कारागीर, आणि पूर्व आफ्रिकेत पकडलेलेही काही लोक इथे आणून ठेवले होते. १९१७ साली जिनिव्हाहून रेडक्रॉसचे प्रतिनिधी ही छावणी पाहून गेले. जेवण काय देता, पत्रे पोहोचतात का, अशी विचारपूस करून त्यांनी अहवाल छापला. म्हणजे नगरच्या उन्हात बसलेल्या जर्मनाचे नाव जिनिव्हाला शुद्ध लिहिले जात होते, आणि वर्षभराने मुंबईचा एक मुलगा फ्रान्समध्ये जर्मन नावाने पुरला जाणार होता. नगरच्या इंग्रज कारकुनांनीही कितीएक जर्मन नावांची मोडतोड केली असेल. कारकून सगळ्या देशांत सारखेच!

आमच्या नगरचा या कथेशी आणखी एक संबंध आहे. ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी इथे स्वराज्यावर व्याख्याने दिली. त्यांवरून आणि बेळगावच्या व्याख्यानावरून सरकारने त्यांच्याकडे २० हजारांचा जातमुचलका मागितला. बॅरिस्टर जीनांनी वकिली केली आणि हायकोर्टाने तो हुकूम रद्द ठरविला. हेच टिळक तरुणांना सैन्यात जा म्हणून सांगत होते. मात्र त्यांची अट होती: हिंदी माणसाला अधिकाराच्या जागा द्या. १९१८ साली त्यांनी गांधीजींना कळविले, की सरकारकडून अशा सनदांचे वचन तुम्ही मिळवा, मी महाराष्ट्रातून ५,००० माणसे देतो. आणि शब्दाला तारण म्हणून ५० हजार रुपयांचा चेक पाठवून दिला.

टिळक ज्या हक्कासाठी पैज लावत होते, तो हक्क त्याच दिवसांत एक मराठी मुलगा २० हजार फुटांवर बजावीत होता. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या मास्तराला हे दोन धागे एका वस्त्रातले दिसतात.

“साहेबाच्या लढाईत मेला तो साहेबाचा,” असे माझे वडील म्हणत. ते बेचाळीसच्या चळवळीतले. भुईकोट किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद कोंडलेले असताना ज्यांनी बाहेर प्रभातफेऱ्या काढल्या, त्यांना दुसरे काय वाटावे? मीही वर्गात तसेच शिकवीत आलो. युद्ध संपताच रौलट कायदा आला, १९१९ च्या एप्रिलात जालियनवाला बाग झाली. त्या रक्तापुढे सोमच्या आकाशातली हकीकत कोण सांगणार आणि कोण ऐकणार? साम्राज्याला तो आठवावयाचे कारण उरले नाही, आणि आपल्याला तो आठवणे अवघड वाटू लागले. वेलिणकर दोन्ही घरचा पाहुणा आणि उपाशी, असा राहिला.

पण पुढे तर आपली दृष्टी निवळली ना? संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांना १९४५ साली इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही साहेबाच्याच लढाईत. त्यांचा आमच्या जिल्ह्याला अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी हवाई दल स्थापन झाले. पुढे १९७६ साली त्याच दलाचे प्रमुख हृषीकेश मुळगावकर, एक मराठी माणूस, झाले. हिंदी माणसाला विमान पेलत नाही, ही समजूत ज्यांनी आधी खोडून काढली होती त्या चौघांत एक आपलाही होता, एवढे तरी आपल्या पोरांना ठाऊक असावयास नको काय? लढाई कोणाची हा प्रश्न राजकारणाचा आहे. मेलेला मुलगा कोणाचा, हा प्रश्न त्याच्या आईला कोणी विचारू नये.

* * *

वाचक म्हणतील, बसऱ्याच्या आजोबांचे काय झाले?

त्या युद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसे गेली आणि ७४ हजारांहून अधिक मेली. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे न मिळालेल्या ४० हजारांहून अधिक जणांसाठी बसऱ्याला मोठे स्मारक आहे. त्यावर गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र नाव नाही. अमुक पलटणीचे इतके, असा नुसता आकडा! युद्धथडग्यांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने २०२१ साली या भेदाची चौकशी करून अहवाल काढला आणि जाहीर माफी मागितली. आशिया-आफ्रिकेतल्या निदान ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही आणि आणखी एक लाख १६ हजारांचे, कदाचित त्याहूनही किती तरी अधिकांचे, नावाने झालेच नाही, असे त्या अहवालाने मान्य केले.

वेलिणकरचे नाव बिघडले तरी ते शोधावयास माणसे होती. तो अधिकारी होता, विलायतेत ओळखीचे लोक होते, पत्र लिहिता येणारे घर होते. आमच्या पारनेरच्या आजीजवळ काय होते? एक कागद, तोही वाचता न येणारा. म्हणून एक वुमकरचा वेलिणकर झाला आणि दुसरा आकड्यातला एक होऊन राहिला. वेलिणकरची कथा मला आवडते ती त्याने शत्रूची किती विमाने पाडली म्हणून नव्हे. बिघडलेले नाव पुन्हा नीट करता येते, फक्त कोणीतरी हट्ट सोडता कामा नये, हे तिने मला दाखवले म्हणून.

यंदाही नातू आला आहे. आल्या आल्या त्याने विचारले, “आबा, ते सापडले का?” मी म्हणालो, “नाही.” इतिहासाच्या मास्तराला हा शब्द या वयात शिकावा लागला. तो म्हणाला, “मग आज पुन्हा बघू. आडनावात एच टाकून बघू.”

आपण दिवाळीत घरावर आकाशदिवा टांगतो तो नुसत्या शोभेसाठी नव्हे. दूर गेलेल्या पितरांना आपल्या घराची वाट दिसावी, अशी त्यामागे जुनी समजूत आहे. या वर्षीचा आकाशकंदील नातवाने स्वतः केला आहे. कामट्या मी तासून दिल्या, कागद त्याने चिकटवला. खालच्या पट्टीवर त्याने बारीक अक्षरांत दोन नावे लिहिली आहेत. एक बसऱ्याच्या आजोबांचे, आणि दुसरे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर यांचे. लिहिताना त्याने मला ऱ्हस्व-दीर्घ दोनदा विचारून घेतले.